सातव्या रांगेतला प्रॉम्प्टर

हसायचं नाही, असं ठरवूनच आजोबा नातवंडांना घेऊन त्या नाटकाला गेले होते. जुन्या शोकांतिकांची टिंगल म्हणे! याच शोकांतिकांना त्यांनी बत्तीस वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं होतं. अडलेल्या नटाला हळूच वाक्य पुरवलं होतं.

खुर्ची सातव्या रांगेच्या ऐन मध्यात, दोन्ही बाजूंना एकेक नातवंड. रंगमंचावरचा राजा मरता मरता थांबला आणि सवयीने आजोबांच्या तोंडून पुढचं वाक्य निसटलं. ते थांबणं मुद्दामच होतं! राजा डोकं वर करून म्हणाला, "काका, मरतोय कोण, मी की तुम्ही?"

झालं! मग पुढच्या प्रत्येक शोकांतिकेत मरणाआधी तोच नट सातव्या रांगेकडे बघून विचारू लागला, "काका, पुढे काय?" उठून जावं, तर बारा जणांचे गुडघे ओलांडायचे, त्यात नातीने हात घट्ट धरलेला. "सांगा ना, आजोबा!"

शेवटच्या मरणाला आजोबांनी ओठ मिटून घेतले. राजाने या खेपेला काही विचारलं नाही, नुसता बघत राहिला. ती नजर आजोबा पक्की ओळखत होते. गडी खरंच विसरला होता.

आजोबांनी मनातल्या मनात एक शिवी हासडली, मान खाली घातली आणि विंगेतल्यासारखं हळूच, पण रंगमंचापर्यंत पोचेल असं राजाचं वाक्य पुरवलं:

"आता तरी मला सोडवा."

सबंध प्रयोगातला सगळ्यात मोठा हशा त्या वाक्याला पिकला.