यंत्र बंद असतानाची चमक

प्रयोगशाळेत तिला सगळे ठिणगी म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. नाकावर राग, जिभेवर उत्तर! कणांच्या टकरी घडवणाऱ्या महायंत्राशेजारच्या ओलसर भुयारात सहा वर्षं खपून तिने प्लास्टिकच्या कांड्यांचा एक शोधक उभा केला होता. विजेचा अगदी नावापुरता भार असलेला कण खरोखर असलाच, तर टकरीतून सुटून तो भिंतींपार येईल आणि चार थरांतल्या कांड्या एका रेषेत हळूच चमकवेल, असा सगळा हिशेब. तशा चमका आता दिसल्या होत्या! सगळे हवेत तरंगत होते. तिची नोकरीची मुदत संपत आली होती, पण या शोधावर ती कायमची होणार होती. आईने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

अशात महायंत्र दुरुस्तीसाठी बंद झालं.

"आपला शोधकही बंद कर," तिच्या गटाचे प्रमुख असलेले सर म्हणाले. "टकरीच नाहीत, तर बघायचं काय?"

"तेच तर बघायचंय, सर. टकरी नसताना चमक यायला नको."

"शुक्रवारी जाहीर करायचंय आणि आता कसलं खुसपट काढतेस?"

"नाही निघालं खुसपट, तर करा की जाहीर! सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवीन."

सरांनी आवाज चढवला. तिने शोधक चालूच ठेवला.

गुरुवारी दुपारी चारही थर चमकले. एका रेषेत. थोड्या वेळाने पुन्हा. तिने वीजपुरवठ्याची नोंद ताडून पाहिली. प्रत्येक चमकेच्या क्षणी वीज हिसकली होती. कण कसला नि काय, त्या रेषेला वीज पुरवणाऱ्या डब्यालाच उचक्या लागल्या होत्या! तिला रडू आलं, अगदी हमसून आलं. मग नाक पुसून तिने सरांना बोलावलं.

सरांनी संगणकाच्या पडद्यावरची नोंद पाहिली. "आणखी कोणी पाहिलंय हे?"

"मी पाहिलंय ना!"

"अगं वेडे, नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. डबा बदलू, पुन्हा मोजू. तेव्हाही नाही दिसला, तर एवढ्या भाराचा कण इथे नाही, हे तरी ठणकावून सांगता येईल. त्याची लपायची जागा तेवढीच कमी झाली."

सरांचा हात शोधक बंद करायच्या बटणाकडे गेला. ती मध्ये उभी राहिली. "लावून तर बघा हात!"

सरांनी हात मागे घेतला. "मग शुक्रवारी तूच बोल. माझ्याने नाही होणार."

शुक्रवारी सभागृह खच्चून भरलं होतं. ती माइकसमोर गेली आणि मान ताठ ठेवून म्हणाली, "कण सापडलेला नाही. आणि हे मी शोधून काढलंय."