दुसऱ्या मजल्यावरच्या संडासाची किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे. आणि मित्रांनो, लपवण्यात अर्थ नाही, मी संडासाची किल्ली आहे. चेन्नईच्या अण्णा नगरात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक संडास आहे. त्याच्या कुलपाची मी.

मी मूळची कुलपांसाठी प्रसिद्ध असलेल्या दिंडीगलची. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने कानशीने घासून माझे दात काढले. तो म्हणाला होता, "ही तीस वर्षं टिकेल." मला वाटलं, एखाद्या तिजोरीला लागेन. पण इमारतीच्या मालकाने मला इथे आणलं. मी हरवू नये म्हणून माझ्या गळ्यात एक जाड लाकडी ठोकळा बांधला. त्यामुळे मला हातात घेणारा माणूस कुठे निघाला आहे, हे सगळ्यांना लांबूनही कळायचं.

या मजल्यावर घरांचे नकाशे काढून देणारं एक ऑफिस आहे. बारा माणसं. माझा खिळा अलमेलूबाईंच्या टेबलाशेजारी. फोन आणि टपाल त्या बघतात. त्यांच्या मागे मॅनेजर हरिप्रसाद यांची खोली. त्यामुळे या ऑफिसात कोण काय बोलतं, ते मला ऐकू येतं.

उपेंद्र इथले सगळ्यात जुने नकाशे काढणारे. वय एक्कावन्न. त्यांचे वडील साताऱ्याकडून चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात नोकरीला आले आणि इकडचेच झाले. उपेंद्र अजून आवडीहूनच लोकल गाडीने येत. त्यांच्या नकाशात चूक सापडत नसे. त्यांना एकच व्यसन होतं, सिगारेटचं. दिवसातून पाच वेळा ते आणि हरिप्रसाद खाली चहाच्या टपरीवर जात. पंधरा मिनिटांनी वर येत तेव्हा कोणतं काम कोणाला द्यायचं हे ठरलेलं असे. त्या पंधरा मिनिटांबद्दल कधी कोणी चकार शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांना उपेंद्रच्या तोंडात, गालाच्या आत, पांढरा डाग दिसला. "सिगारेट आजच बंद. मग बघू हा डाग काय करतो ते," ते म्हणाले. उपेंद्रनी त्याच दिवशी बंद केली. ऑफिसात सगळ्यांनी हात मिळवले. हरिप्रसादनी तर मिठाई मागवली.

दुसऱ्या आठवड्यापासून मला जास्त काम लागलं.

उपेंद्र सकाळी आल्या आल्या मला उचलत. आत गेले की अर्धा अर्धा तास बसत. मी त्यांच्या मुठीत असे. मूठ घामाने ओली होई. पोट दगडासारखं, वायूने फुगलेलं, आणि काही केल्या मोकळं होत नसे. बाहेर कोणीतरी दार वाजवी. ते उठत, तोंड धूत, मला खिळ्यावर अडकवत आणि मान खाली घालून जागेवर जात. तासाभराने पुन्हा येत.

अलमेलूबाईंच्या हे लक्षात आलं. त्या तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द सहज मिसळतात.

"उपेंद्र राव, वयरु सरी नाही की?" त्यांनी हळूच विचारलं. पोट बरं नाही का, असं त्यांना विचारायचं होतं.

उपेंद्रनी मला खिळ्यावर अडकवलं. मग म्हणाले, "काय सांगू ताई. वीस वर्षं सकाळची पहिली सिगारेट ओढली की पोट साफ व्हायचं. आता ती नाही, तर पोट जागचं हलत नाही. घरातून गाडीच्या वेळेला निघावं लागतं, आणि गाडीत सोय नाही."

"डॉक्टरांस विचारलांत?"

"विचारलं. ते म्हणाले, असं होतं बऱ्याच जणांना. सिगारेटने ढकललं तरच काम करायची आतड्याला सवय लागलेली असते. काही आठवडे जातील. पाणी प्या, भाज्या-फळं खा, चाला. रक्त दिसलं किंवा वजन उतरलं तर लगेच या."

"मग तसंच करा. सकाळी उठल्याबरोबर ऊन पाणी प्या. जेवल्यावर बसू नका, जिना उतरून चालून या. ओव्याचं पाणी मी आणते घरून."

दुसऱ्या दिवसापासून त्या खरंच एका बाटलीत ओव्याचं पाणी आणू लागल्या. उपेंद्र डब्यात पेरू आणू लागले, दुपारी रस्त्यावरून फेरी मारू लागले. सुधारणा होती, पण फार हळू. एक दिवस बरा जाई, दोन दिवस वाईट.

या काळात त्यांचं टपरीवर जाणं बंद झालं होतं. हरिप्रसादबरोबर आता प्राणेश जाऊ लागला. सव्वीस वर्षांचा, हुशार मुलगा. तो सिगारेट ओढत नसे. टपरीवर जायला लागल्यावर ओढू लागला. महिन्याभरात शाळेच्या नव्या इमारतीचं मोठं काम त्याला मिळालं. ते काम उपेंद्रचं होतं. निदान तसं त्यांना सांगण्यात आलं होतं.

मग एका सोमवारी माझ्या खिळ्याखाली एक वही टांगली गेली. किल्ली घेताना नाव आणि वेळ लिहायची, परत ठेवताना वेळ लिहायची. नियम सगळ्यांना होता. पण पान भरायचं ते एकाच नावाने. पोरं येता जाता वही उघडून बघत आणि हसत. मित्रांनो, माझ्या दातांना गंज चढला तेव्हाही मला एवढं वाईट वाटलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी हरिप्रसादनी उपेंद्रना बोलावलं. दार उघडंच होतं. ते तमिळमध्ये बोलत होते. मला समजलं ते असं.

"उपेंद्र सार, वही बघा. परवा पंच्याहत्तर मिनिटं तुम्ही जागेवर नव्हता."

"पोटाचा त्रास आहे. सिगारेट सोडल्यापासून. कमी होतोय."

"मला सहानुभूती आहे. पण वरून विचारणा होते."

उपेंद्रनी वही मिटली. मग म्हणाले, "पूर्वी मी रोज पाच वेळा तुमच्याबरोबर खाली यायचो. पंधरा पंधरा मिनिटं. तीही पंच्याहत्तरच होतात. ती कुठल्या वहीत आहेत?"

"ते वेगळं. तिथे कामाचं बोलणं व्हायचं."

 हरिप्रसादचा आवाज खाली आला, अगदी मित्रासारखा झाला. "ऐका माझं. सकाळी एकच ओढत जा. पोट साफ होईल. तुम्हालाही त्रास नाही, ऑफिसलाही नाही. चला, आत्ताच खाली जाऊ."

अलमेलूबाईंनी हातातलं टपाल खाली ठेवलं. मला सिगारेटच्या पाकिटाचा आवाज आला. हरिप्रसादची खुर्ची सरकली. 

"डॉक्टरांनी मला आरशात तो डाग दाखवला आहे," उपेंद्र म्हणाले. "मी नाही येत."

ते बाहेर आले. त्यांनी मला घेतलं, वहीत वेळ लिहिली आणि गेले. त्या दिवशी आत बसून ते रडले. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आज तुम्हाला सांगते आहे.

पुढच्या महिन्यात त्यांना नकाशांवरून काढलं आणि शहराबाहेरच्या जागांची मोजमापं घ्यायला पाठवलं. दिवसभर उन्हात, जिथे अजून भिंतीही उभ्या नाहीत तिथे. पोटाचा त्रास असलेल्या माणसाला ही जागा, जिथे संडासही नव्हता. त्यांच्या टेबलावर प्राणेश बसू लागला. वही एक दिवस कोणीतरी काढून टाकली, कारण आता तिची गरज कोणाला नव्हती.

तीन महिन्यांनी उपेंद्र मोजमापांचे कागद द्यायला आले. काळवंडले होते, पण चेहरा मोकळा होता.

"वयरु?" अलमेलूबाईंनी विचारलं.

"बरं आहे ताई. दोन महिन्यांपासून सकाळी घरीच होतं. डागही कमी झालाय."

"मग हरिप्रसाद सारांस सांगते मी. तुम्हांस परत इथं घ्या म्हणून."

"सांगितलं मी. म्हणाले, आता जागा नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. कागद ठेवले आणि जिना उतरले. खाली टपरीवरून प्राणेशने त्यांना हाक मारली, ती वरपर्यंत ऐकू आली. ते थांबले की नाही, मला माहीत नाही.

आता या दाराला आकडे दाबून उघडणारं कुलूप बसलं आहे. मी अलमेलूबाईंच्या खणात, जुन्या शिक्क्यांबरोबर पडून असते. माझी तक्रार नाही. माझं काम झालं. पण मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी तंबाखू किंवा सिगारेट सोडेल, आणि काही दिवसांनी त्याचं पोट बिघडेल, तो पुन्हा पुन्हा उठून जाईल. तेव्हा घड्याळ बघू नका. त्याला ऊन पाणी द्या, वेळ द्या. आणि तो परत येईपर्यंत त्याच्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसू देऊ नका.