पायाखालची बटणं

एव्हरेट लिंडक्विस्ट स्वतःची ओळख 'गेमचा पक्का किडा' अशी करून द्यायचा. अमेरिकेतल्या डुलुथच्या शाळेत तो रसायनशास्त्र शिकवायचा, पण जीव अडकलेला असायचा जुन्या व्हिडिओ गेममध्ये. त्यांवर तो ब्लॉग लिहायचा. शिवाय अवकाशयानाच्या एका जुन्या गेमचे विक्रम तपासायचं काम त्याच्याकडे होतं. लोक आपण खेळतानाचे व्हिडिओ पाठवायचे आणि खेळ खरा की बनावट ते एव्हरेट ठरवायचा. त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि ते त्याला आवडायचं.

हिवाळ्यात कॅनडातल्या थंडर बेहून व्हर्ना टिबेट्स नावाच्या साठीतल्या बाईंचा व्हिडिओ आला. आधीचा विक्रम त्यांनी सहज मोडला होता. पण त्यांचं यान गिरकी घेता घेताच गोळी झाडत होतं. गिरकीचं आणि गोळीचं बटण एकाच अंगठ्याखाली येतं. दोन्ही एकदम दाबणं कुणालाच जमत नसे. एव्हरेटने व्हिडिओ फेटाळला.

तेवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण त्याने ब्लॉगवर लिहिलं, 'थंडर बेच्या आजीबाईंना जास्तीचा अंगठा फुटलाय.' वर दोन अंगठ्यांच्या एका लोकरी हातमोज्याचं चित्र काढून जोडलं. लोक खदाखदा हसले. त्या हातमोज्याची आणखी चित्रं निघाली, फिरत राहिली. बाईंकडून काहीच उत्तर आलं नाही. एव्हरेटला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प बसल्या.

वसंतात डुलुथमधल्या कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या क्लबात जुन्या गेमच्या शौकिनांचा मेळावा भरला. एव्हरेट विक्रम तपासणीच्या टेबलामागे बसला होता. एक बाई हळूहळू चालत समोर आल्या. डावा हात पोटाशी धरलेला, उजव्या खांद्याला कापडी पिशवी.

"एव्हरेट तुम्हीच का?"

"हो. बोला."

"मी ती जास्तीच्या अंगठ्याची."

एव्हरेट उठून उभा राहिला. बाईंनी पिशवीतून शिलाई मशीनची दोन पेडलं काढली. दोन्हींच्या वायरी एका कंट्रोलरला जोडल्या होत्या.

"अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून डावा हात चालत नाही," त्या म्हणाल्या. "बहिणीने हे जोडून दिलं. यान उजव्या हाताने चालवते. गिरकी एका पायाने, गोळी दुसऱ्या."

"मला कळवायचं होतंत."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

 एव्हरेटने खेळासाठी मांडलेला एक टीव्ही मोकळा करून दिला. बघता बघता गर्दी जमली. त्यातलेच कितीतरी जण तेव्हा हसले होते. बाई खेळायला बसल्या, पण सगळ्यांच्या नजरा पाठीवर असताना पायांचा मेळ बसेना. यान पुन्हापुन्हा फुटलं.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" एव्हरेटचा मित्र गस त्याच्या कानाशी पुटपुटला. "सगळी बनवाबनवी."

"गप रे," एव्हरेट म्हणाला. मग बाईंकडे वळला. "मी बसू का जरा?"

बाईंनी खुर्ची सोडली. एव्हरेटने बूट काढले आणि पेडलांवर पाय ठेवले. सुरुवातीला तो धडपडला. मग दोन्ही पाय एकदम पडले आणि यानाने गिरकी घेतली, गोळी झाडतच. 

"विक्रम खरा आहे," तो मोठ्याने म्हणाला. "बटण हातानेच दाबावं असं नियमात कुठेही नाही. चूक माझी होती. आणि त्या चित्राचा तर नियमाशी काही संबंधच नव्हता. ते मी हशा मिळवायला काढलं."

विक्रम व्हर्नाबाईंच्या नावावर लागला. त्या पेडलं पिशवीत भरत असताना एव्हरेट म्हणाला, "ते लिखाण आजच काढून टाकतो."

"तुमचं काढाल हो. बाकीच्यांचं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "डॉक्टरांनी पायांना व्यायाम सांगितला होता, म्हणून खेळायला लागले. विक्रम झाला त्या दिवशी बहिणीने केक केला. आणि मग तुमचं वाचलं. त्यानंतर बसावंसंच वाटेना."

"आता बसाल?"

"बघू."

घरी जाऊन एव्हरेटने ब्लॉगवर झालेलं सगळं लिहिलं आणि चित्रं फिरवणाऱ्या एकेकाला ती काढून टाकायची विनंती केली. काहींनी काढली. एकाने उलट लिहिलं, 'चेष्टाच होती, एवढं काय मनाला लावून घेतोस?' एव्हरेट त्या ओळीकडे बघत राहिला. चार महिन्यांपूर्वी त्यानेही हेच लिहिलं असतं.

उन्हाळ्यात न राहवून तो वाटेतल्या मोठ्या सरोवराच्या काठाकाठाने गाडी हाकत थंडर बेला गेला. व्हर्नाबाईंनी कॉफी दिली, अंगणातले टोमॅटो दाखवले, शाळेची चौकशी केली. टीव्हीजवळ गेमचा कन्सोल दिसत नव्हता. तो कुठे गेला, हे विचारायचा एव्हरेटला धीर झाला नाही.