रामदासपेठेतलं थंड टेबल

मी एक टेबल बोलतोय. जेवायचं नव्हे आणि अभ्यासाचंही नव्हे. माझ्यावर माणसं पालथी झोपतात आणि एका टोकाला असलेल्या भोकात तोंड घालून फरशीकडे बघत राहतात. नागपुरात रामदासपेठेत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझा मुक्काम आहे. दारावर 'समग्र देहोपचार' अशी पाटी आहे. पाटीवर माझा विश्वास नाही. तसा माझा कशावरच फारसा विश्वास नाही.

हा संशय मला जन्मापासून चिकटला. ज्या कवडू मिस्त्रीने मला घडवलं, त्याने गिऱ्हाइकासमोर माझ्यावर बसून दाखवलं आणि 'हत्ती बसला तरी हलणार नाही' असं ठणकावून सांगितलं. पण माझ्या मागच्या पायात स्क्रूच्या जागी त्याने खिळा ठोकलाय, हे मलाच ठाऊक होतं. तेव्हापासून कोणी छातीठोकपणे काही सांगायला लागलं की मी करकरतो.

आणखी एक दुखणं सांगून टाकतो. पाय टेकायला माझ्या खालच्या अंगाला एक लोखंडी दांडी आहे. एसीच्या खोलीत ती गार पडते. येणारा माणूस माझ्या कडेवर बसतो, अनवाणी पाय दांडीवर ठेवतो आणि झटकन उचलून म्हणतो, 'बापरे, किती थंड!' राम राम नाही, ओळख नाही, पहिला शब्द हाच. मी त्यांचं सगळं ओझं उचलायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. मला फार वाईट वाटायचं.

माझा पहिला मालक सौरव. त्याला माणसाच्या दुखण्यापेक्षा आवाजाची आवड होती. मान धरायची, एक झटका द्यायचा, 'कट' असा आवाज आला की समोर लावलेल्या मोबाइलकडे बघून हसायचं. लोक आवाजावरच खूश होऊन घरी जायचे. एकदा एका गृहस्थांना मान मोडल्यावर गरगरायला लागलं. सौरव म्हणाला, 'अंगातलं विष निघून राहिलं, चांगलं आहे.' मी तेव्हा एवढा करकरलो की त्याने माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. पुढे त्याने गाशा गुंडाळला आणि खोलीबरोबर मीही भैरवीच्या वाट्याला आलो.

भैरवी मालिश आणि व्यायामोपचार रीतसर शिकलेली. पण तिचाही मला संशयच आला, कारण ती गोड बोलायची. कुठे दुखतं, कधीपासून, रात्री झोप लागते का, हे ती आधी बसून विचारते. मग सांगते की अंग टॉवेलने झाकलेलं राहील, जिथे काम करायचं तेवढाच भाग उघडा करीन, नको वाटलं तर मधेच 'थांब' म्हणा, उद्या थोडं आंबल्यासारखं वाटेल. आणि प्रत्येक वेळी हात लावण्याआधी विचारते, 'ठेवू का?' मला वाटायचं, हे सगळं नाटक आहे. जो हात लावणारच आहे, तो विचारतो कशाला?

रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, थोडं आधीची गोष्ट. कोराडीच्या वसाहतीत राहणारी अपेक्षा आपल्या आईला घेऊन आली. आई म्हणजे प्रयागबाई, कुहीकडच्या एका खेड्यातल्या. धानाच्या बांधीत वाकून वाकून त्यांची कंबर धरली होती. त्या आत आल्या त्या उजव्या पायाने अनवाणी. मागून अपेक्षा हातात चप्पल घेऊन आली.

"माय, जिन्यातच राहिली तुही चप्पल."

"राहिली असंन," प्रयागबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करू लागल्या. माणसाची चप्पल पायातून निसटते आणि त्याला कळत नाही, हे मला खटकलं.

प्रयागबाईंनी आधी पडद्यामागे पाहिलं. मग वाकायला होत नव्हतं तरी कडेला धरून माझ्या पोटाखाली पाहिलं.

"हे भोक कायले हाय वं?"

"पालथं झोपल्यावर श्वास घ्यायला, काकू," भैरवी म्हणाली.

"मोबाइलमधी आलं होतं. पालथं निजवतात अन् किडनी काढून घेतात."

अपेक्षाने कपाळाला हात लावला. भैरवी हसली नाही. ती म्हणाली, "दार उघडं ठेवू का मग? अपेक्षाताई इथंच बसतील." मला प्रयागबाई एकदम आवडल्या. इतक्या वर्षांत माझ्यासारखं कोणीतरी भेटलं होतं.

त्या माझ्या कडेवर बसल्या आणि दोन्ही पाय दांडीवर ठेवले. डावा पाय झटकन वर आला. "थंडं हाय," त्या म्हणाल्याच. उजवा पाय मात्र दांडीवर तसाच राहिला, कितीतरी वेळ. माझ्या दांडीवरून पाय न उचलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाली धास्ती.

भैरवीने विचारलं, "पायात मुंग्या येतात का? बधिर वाटतं? लघवीला काही त्रास?"

"काईच नाई. कंबर तेवढी धरली. बाकी मी टणटणीत हाव."

मी जोरात करकरलो. कोणी लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात अपेक्षा कौतुकाने सांगायला लागली, "मॅडम, माय पायाळू आहे न. रोवणीत कोणाच्या पाठीत उसण भरली का सारं गाव आमच्या दारात. ही उजवा पाय लावते अन् बाया उठून परत बांधीत जातात. आता हिच्याच कंबरेले कोण पाय लावणार?"

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात. खरं की खोटं, मी काय सांगू? माझा तर औषधावरही विश्वास नाही. पण प्रयागबाईंचा चेहरा मी पाहिला. लेक त्या पायाचं कौतुक करत होती आणि त्या हळूच तोच पाय लुगड्याखाली ओढून घेत होत्या. तेव्हा मला सगळं उमगलं. या बाईच्या पायातला जीव चालला होता आणि ती ते पोटच्या पोरीपासूनही लपवत होती.

त्या पालथ्या झोपल्या. अपेक्षा म्हणाली, "मॅडम, ते मोबाइलमधी दाखवतात तसं एकदा कडकन मोडून द्या न पाठ. तिले मोकळं वाटन."

"हाव, मोडून दे पोरी," भोकातून प्रयागबाईंचा आवाज आला. "पुढच्या हप्त्यात रोवणी लागते. बाया येतीन."

भैरवीचे हात कंबरेवर आले. सौरवचे हात मला आठवले. आता झटका बसेल, आत काहीतरी तुटेल आणि हा पाय कायमचा जाईल, अशी माझी खात्री झाली. टेबलाला ओरडता येत नाही, याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं.

पण हात तिथेच थांबले. मग उचलले गेले. भैरवी माझ्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

"काकू, डोळे मिटून ठेवा. मी उजव्या पायाच्या बोटाला हात लावते. लागला की सांगा. लावू का?"

"लाव."

तिने अंगठा धरला. "आता?"

"लागला."

तिने करंगळी धरली. "आता?"

"लागला."

मग भैरवी एक पाऊल मागे सरली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. "आता?"

"लागला वं. कितीक इचारतं?"

अपेक्षा खुर्चीतून उठली. तिने भैरवीकडे पाहिलं, आईच्या पायाकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. प्रयागबाईंना काय झालं ते न बघताच कळलं असावं. भोकातून फरशीवर पाण्याचा एक थेंब पडला, मग दुसरा.

"होळीपासून मेला हाय तो पाय," त्या म्हणाल्या. "लोकाच्या पाठीवर ठेवतो, पण मलेच समजत नाई ठेवला का नाई ते. गावात नोको सांगजो, अपेक्षे. पायाळूचा पायच मेला म्हटल्यावर माह्या दारात कोन येईन?"

अपेक्षा खाली फरशीवर बसली आणि भोकाखालून आईच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मी येईन न, माय."

भैरवी रागावली नाही. "आज मी पाठीला हात लावणार नाही, काकू. नस दबली आहे असं दिसतं. आधी डॉक्टर, आजच. मालिश नंतरही होईल." तिने एका डॉक्टरांना फोन लावला, आणि दोघींना खाली जाऊन ऑटोत बसवून आली. आता खरं सांगतो, तेव्हाही मला वाटलं की हिचं आणि त्या डॉक्टरचं काही साटंलोटं असेल. सवय कुठे जाते? पण पाठ हाताखाली आयती आलेली असताना हात मागे घेणारं माणूस मी प्रथमच पाहिलं होतं. त्या दिवशी ती खोली रिकामीच राहिली आणि मी बराच वेळ त्या थेंबांच्या डागाकडे बघत होतो.

प्रयागबाईंच्या कंबरेचं ऑपरेशन झालं. तेवढं मला भैरवीच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. पाय परत येईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. रोवणी झाली, धान निसवलं, दिवाळी गेली. मग एका सकाळी त्या आल्या. हातात काठी होती आणि दोन्ही चपला पायात होत्या. व्यायाम शिकायला डॉक्टरांनीच पाठवलं होतं.

नेमकी त्या दिवशी भैरवीच्याच पाठीत उसण भरली होती. रोज दिवसभर दुसऱ्यांच्या पाठीवर वाकून तिची पाठ आखडली होती. प्रयागबाई माझ्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "बस अशी, माह्या पायाशी, पाठ करून."

भैरवी फरशीवर बसली. "काकू, माझा यावर विश्वास नाही हं," ती म्हणाली.

"माह्याही किडनीवाल्या भोकावर नव्हता. पाय लावू का?"

भैरवीने मान वळवून वर पाहिलं. तिचा तोच प्रश्न तिला परत विचारला जात होता. "लावा," ती म्हणाली.

प्रयागबाईंनी उजवा पाय हलकेच तिच्या कंबरेला टेकवला. क्षणभर ठेवला.

"कळतं का पायाला काही?" भैरवीने विचारलं.

"हाव, कळते."

मी करकरलो. या बाईने मागेही तीनदा 'लागला' म्हटलं होतं. विचारल्यावर माणसं समोरच्याला बरं वाटेल तेच सांगतात. भैरवीलाही तीच शंका असावी.

प्रयागबाईंनी पाय खाली घेतला आणि दांडीवर ठेवला. आणि झटकन उचलला.

"अगं माय वं," त्या म्हणाल्या, "केवढं थंडं हाय हे!"

कोणीच काही विचारलं नव्हतं. भैरवी वळली. तिने त्यांच्या पायाकडे पाहिलं, माझ्या दांडीकडे पाहिलं, आणि मग त्या दोघी रडत होत्या की हसत होत्या ते मला नीट कळलं नाही.

मी अजून तिथेच आहे. माझं रेक्झीन कोपऱ्यात फाटलंय आणि कवडूचा खिळा अजून बोलतो. कधी माझ्यावर पालथं पडायची वेळ आली, तर माझ्यासारखा थोडा संशय जवळ ठेवा. न विचारता हात लावणाऱ्याला थांबवा, आवाजाला भुलू नका. पण विचारणाऱ्यापाशी मात्र दुखणं लपवू नका. आणि दांडीवर पाय ठेवलात की मला थंड म्हणा. जरूर म्हणा. दोन्ही पायांनी म्हणा.