हळूबाईची शंका

वर्षाच्या सुरुवातीला मॅडमनी व्यवस्थापनाच्या वर्गाकडून दोन कागद भरून घेतले. एक विचारशक्तीची खरीखुरी परीक्षा. दुसरा, स्वतःच स्वतःला गुण द्यायचा तक्ता: 'दुसऱ्याच्या मांडणीतली चूक मला चटकन दिसते', एक ते पाच. त्यावर मॅडमना स्वतःचा शोधनिबंध लिहायचा होता. तक्ता दोन दिवसांत मोजून झाला. मुलांनी हात सैल सोडून स्वतःला गुण दिले होते. मुली दोन-तीनवरच अडल्या होत्या. परीक्षेचे पेपर मात्र तपासायचे म्हणून कपाटात गेले ते तिथेच राहिले. बाहेरच्या धंद्यांच्या अडचणी सोडवायच्या प्रकल्पासाठी गटप्रमुख नेमायची वेळ आली तेव्हा मॅडमनी हाताशी होता तो तक्ताच घेतला आणि पाचवाल्यांना नेमून मोकळ्या झाल्या.

एका गटाचा प्रमुख झाला कप्तान. हे नाव त्याला वर्गानेच दिलेलं. त्याच्या गटात हळूबाई होती. ती बोलायला लागली की शेजारच्यालाही कान द्यावा लागायचा. त्यांच्या वाट्याला रंगाच्या डब्यांचं गोदाम आलं. जागा पुरत नव्हती. कप्तानने सुचवलं, लोखंडी मांडण्यांवर चौथा थर चढवा. गोदामवाला खूश झाला.

आठवड्याने हळूबाई मॅडमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, डब्यांचं वजन आम्ही जुन्या यादीतून घेतलंय. आता मोठे डबे येतात. मी मोजून बघितलं, तर मांडणीला चौथा थर पेलणार नाही असं दिसतंय. पण माझंच काही चुकत असेल."

"खात्री आहे का तुला?"

"खात्री... तशी नाही सांगता येणार."

मॅडमनी कप्तानला बोलावून घेतलं.

"यादी गोदामाचीच आहे, मॅडम. शंभर टक्के बरोबर," तो म्हणाला. "ही स्वतःच्या सावलीलाही भिते."

तो हसला. हळूबाईपण ओशाळून हसली. मॅडमच्या समोर निबंधाचा कच्चा खर्डा पसरलेला होता. "आपसात बघून घ्या," म्हणून त्यांनी मान पुन्हा त्यात घातली.

पुढच्या महिन्यात भरदुपारी मांडणी कोसळली. खाली एक हमाल होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो डोक्यापासून पायापर्यंत रंगात न्हाला होता. बायकोला त्याची ओळख पटायला वेळ लागला.

त्या संध्याकाळी मॅडमनी कपाट उघडलं आणि पेपर तपासायला बसल्या. हळूबाई वर्गात पहिली होती. कप्तान एकोणिसावा. तक्त्यात मुलामुलींमध्ये जो फरक दिसला होता, तो इथे औषधालाही नव्हता.

चौकशी समितीने विचारलं, "कुणाला आधी शंका आली होती?"

"मला," हळूबाई म्हणाली. "पण मी नीट सांगितलं नाही."

"तिने मला सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "नीटच सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

समितीच्या लेखनिकाने तेही लिहून घेतलं.

बाहेर जिन्यावर मॅडमनी तिला गाठलं. निदान एवढं तरी तिला द्यावं, असं त्यांना वाटलं. "पोरी, तुझा पेपर तपासला मी. वर्गात तू पहिली आहेस. तुझा हिशेब बरोबरच होता."

हळूबाई कठडा धरून उभी राहिली. "म्हणजे मला कळत होतं?"

"हो."

"आपल्याला काही कळत नाही म्हणून आपण पुढे गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत होते, मॅडम. तेवढाच आधार होता." एवढं बोलून ती जिना उतरून गेली.

ती वर्षअखेरच्या परीक्षेला बसली नाही. कप्तानला समज देऊन सोडलं. मॅडमचं वर्ग शिकवणं बंद झालं. त्यांनी हळूबाईच्या घरी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा आईनेच उचलला.

"काय विचारलं तरी 'तूच ठरव' म्हणते हो," आई म्हणाली. "जेवायला बसायचं का, तेसुद्धा."