खंडेनवमीला थांबलेली मोटर

माणसाच्या सगळ्या खोडी यज्ञेश्वर आठवले माफ करत, लबाडी तेवढी नाही. चिंचवडला मोटरींच्या कारखान्यात वायंडिंग करण्यात उभा जन्म काढला, पण रजेसाठी कधी खोटा ताप आणला नाही. मग बाहेरच्या स्वस्त मोटरी आल्या आणि कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला. त्यातली स्वेच्छा कारखान्याची होती, निवृत्ती तेवढी यांची. धायरीच्या फ्लॅटमध्ये पेपर वाचून झाला की दिवसाचं करायचं काय, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. अशात लोडशेडिंग सुरू झालं आणि त्यांच्या डोक्यात भूत शिरलं: विजेशिवाय, नुसत्या चुंबकांवर आपोआप फिरणारी मोटर.

जुन्या बाजारातून फुटके स्पीकर आणायचे, त्यातले चुंबक काढून ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसवायचे. भोवतीच्या कड्यावरचे चुंबक त्यांना ढकलत राहतील आणि चकती फिरत राहील, असा हिशेब. बोटानं ढकलली की चकती झकास गरगरायची, मग दमायची, मग उभी राहायची. "अजून जरा जुळत नाही," एवढंच ते म्हणत.

मुलगा सलिल हिंजवडीच्या एका कंपनीत होता. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, त्यामुळे जिभेला धार. "बाबा, चुंबक जेवढं पुढे ढकलतं तेवढंच मागे ओढतं. जगात फुकट काही मिळत नाही."

"मिळतं की. तुझे सल्ले."

असं चालायचं. पण एकदा पाहुण्यांसमोर सलिल बोलून गेला, "आमच्याकडे सृष्टीचे नियम बदलायचं काम चालू आहे," आणि सगळे हसले. यज्ञेश्वररावही हसले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. सलिलला मात्र ते कधी पटलं नाही.

यज्ञेश्वरराव घरी आले, पण त्यांचं मन दवाखान्यातच राहिलं. मोटरीवर धूळ साचली. कुसुमताईंनी मुलाला स्वयंपाकघरात गाठलं. "दसरा झाला की तू अमेरिकेला चाललास. मी यांना कशी उठवू? एवढा शिकलास, तुला काहीच करता येत नाही का रे?"

हे सलिलच्या जिव्हारी लागलं. आईवडील तपासणीला गेले होते तेव्हा त्यानं मोटरीचं लाकडी बूड उघडलं, आत तारेचं वेटोळं, छोटं सर्किट आणि दोन सेल बसवले आणि बुडाला खालून लावलेलं बनातीचं जाड कापड पुन्हा चिकटवलं. दुकानात शोकेसमध्ये डोलणारी खेळणी असतात ना, त्यांच्यातलीच युक्ती. चुंबक जवळून गेलं की वेटोळं त्याला हळूच टोचणी देणार.

संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा, मी कडं जरा सरकवलंय. ढकलून तर बघा."

चकती फिरली. दमली नाही. चहा निवला तरी फिरतच होती. यज्ञेश्वररावांनी मोटरीकडे नाही, मुलाकडे पाहिलं. "पटलं तुला?"

"पटलं, बाबा."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. सलिलला स्वतःची लाजही वाटली आणि आनंदही झाला. निवलेला चहा पुन्हा गरम करायला तो उठला.

दुसऱ्या दिवशी यज्ञेश्वरराव दाढी करून जिना उतरले आणि खालच्या मजल्यावरच्या बद्रीनाथ इंगोल्यांना हात धरून वर घेऊन आले. इंगोले खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे अकोल्याकडचे. गावी भावाच्या विहिरीला पाणी होतं, पण पंपाला वीज नव्हती. फिरत्या चकतीला त्यांनी हात जोडले. "साहेब, आमच्या भावाला फोन लावतो मी आजच." मग साऱ्या बिल्डिंगला त्यांनीच आवतण दिलं: दसऱ्याला सोनं द्यायला आठवल्यांकडे, आणि मोटर बघायलाही.

सलिल रोज मनाशी म्हणे, उद्या सांगू. आई पुन्हा गुणगुणत पोळ्या लाटायला लागली होती.

त्या पोरानं सगळा विचार केला होता, खंडेनवमीचा केला नव्हता. कीबोर्ड बडवणाऱ्याला तो फक्त दसऱ्याचा आदला दिवस. यज्ञेश्वररावांच्या लेखी हत्याराचं ते अभ्यंगस्नान. प्रत्येक वस्तू सुटी करायची, रॉकेलनं धुवायची, तेल द्यायचं, मगच कुंकू.

सलिल घरी आला तेव्हा हॉलमध्ये पाट मांडलेला होता. पकडी, पाने, कानस, सगळी लखलखीत. शेजारी मोटर उताणी पडली होती, बुडाची बनात सोललेली. यज्ञेश्वररावांनी एकेका हत्याराला कुंकू लावलं आणि शेवटी त्या दोन सेलांनाही लावलं.

"काम यांनीच केलं. यांना वगळून कसं चालेल?"

"बाबा, तुम्ही उठावंत म्हणून—"

"मोटर चालत नाही याची मला सवय होती रे," ते म्हणाले. "तुला पटलं म्हणालास. मी ते खरं धरलं."

दसऱ्याला संध्याकाळी माणसं आली. इंगोले सर्वांत पुढे, हातात आपट्याची पानं. "साहेब, करा चालू."

"ती चालत नाही," यज्ञेश्वरराव म्हणाले. "खाली सेल होते. मीच बसवले होते."

सलिल पुढे झाला, तोंड उघडलं. वडिलांनी हातानंच त्याला मागे सारलं.

"भावाला फोन केला होता मी, साहेब," इंगोले हळूच म्हणाले.

"चुकलं माझं."

सोनं हातात द्यायचं असतं, गळाभेट घ्यायची असते. इंगोल्यांनी पानं टेबलावर ठेवली आणि ते निघाले. मागोमाग बाकीचेही पांगले.

दार लागताच सलिल रडू लागला. "असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू? पोटच्या पोरानं फसवलं?" यज्ञेश्वरराव खुर्चीत बसले. "ते तोंडातून निघेना माझ्या."

सलिल तडक खाली गेला. इंगोल्यांच्या दारात उभा राहून त्यानं सगळं सांगितलं: वेटोळं, सर्किट, सेल, स्वतःचं नाव. इंगोल्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वडलांसाठी खोटं बोलून राहिले तुम्ही. बोला. चांगल्या मुलानं बोलावंच."

"अहो काका, खरंच मी—"

"जा वर. त्यांच्यापाशी बसा," असं म्हणून त्यांनी अगदी आवाज न करता दार लावून घेतलं.