केया उत्तरासाठी थांबते

आमच्या केयाला सोमवारी सकाळी हाक मारावी लागत नाही. ती आपली आपण उठते, ॲप्रन घालते आणि मी गाडी काढेपर्यंत दारात येऊन उभी राहते. चोवीस वर्षांची आहे. डॉक्टरांनी तिच्या आजाराला दिलेली नावं मी लोकांना सांगायची केव्हाच सोडली. नाव ऐकलं की लोक उगीच हळू आवाजात बोलायला लागतात, आणि मला चीड येते.

शाळा संपल्यावर ती घरात बसून राहिली आणि हळूहळू बोलायचीच थांबली. मग इथं ॲरिझोनात, चँडलरमध्ये, आमच्या कम्युनिटी कॉलेजात, अशा मुलांसाठीच्या ब्रिज प्रोग्राममध्ये तिला जागा मिळाली. आता ती तिथल्या कॅफेटेरियात मफिन करते, काउंटरवर उभी राहते. तिला शिकवलंय की गिऱ्हाइकाकडे बघायचं, हॅलो म्हणायचं, प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. एवढं शिकायला तिला वर्ष लागलं. माझी मुलगी मला त्या काउंटरनं परत दिली.

मे महिन्यानंतर प्रोग्राम चालू ठेवायचा तर कॉलेज डिस्ट्रिक्टच्या बोर्डानं तसा ठराव करायला हवा होता. बोर्डावर पाच निवडून आलेले ट्रस्टी. दोघं आधीच नाही म्हणून बसले होते. उरले तिघं: मिसेस डेल्गाडो, मिस्टर व्हिटफील्ड आणि आमचे उल्हासकाका. काका मूळचे नागपूरचे, इथल्या चिप कंपनीतून रिटायर झालेले. त्यांच्या निवडणुकीत इथल्या मराठी मंडळातल्या आम्ही बायका ॲरिझोनाच्या उन्हात दारोदार पत्रकं वाटत फिरलो होतो.

मला काय सुचावं? आपल्याला सुचतं तेच. जेवायला बोलावलं.

"शुभा, एकट्या काकांना बोलाव ना यार," प्रताप म्हणाला. माझा नवरा तसा भित्राच.

"एकाला बोलवायचं आणि दोघांना वगळायचं, बरं दिसतं का? आणि तिघं म्हणजे मेजॉरिटी!" मी म्हटलं. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

रविवारी दुपारी मिसेस डेल्गाडो आणि मिस्टर व्हिटफील्ड आधी आले. उल्हासकाका मागून आले, दारातून त्यांनी आत बघितलं आणि तिथंच थबकले.

"अगं, हे दोघंही आहेत? मला सांगितलं नाहीस," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आम्ही तिघं एकत्र बसून कॉलेजचं बोललो तर ती बोर्डाची मीटिंग होते, आणि ती जाहीरच व्हायला हवी. लॉ आहे तसा. मी निघतो."

"काका, दारातून उपाशी जाणार? केया स्वतः वाढणारे."

"तसं नाही गं, पण..."

"कॉलेजचं नका बोलू. नुसतं जेवा." मी त्यांचा हात धरला आणि आत ओढलं.

हात धरल्यावर आपल्यातला कुठला माणूस दारातून परत जाईल? काका आत आले. तो हात मी सोडला असता तर, असं आता रोज मनात येतं आणि जीव नकोसा होतो.

केयानं मसालेभात वाढला, श्रीखंड वाढलं, एक थेंब सांडला नाही. मला गप्प बसणं कुठलं जमतंय! "हे सगळं तिला ब्रिजमध्ये शिकवलं," मी म्हणालेच. मिसेस डेल्गाडो म्हणाल्या की हा प्रोग्राम जाऊ देऊन चालणारच नाही. व्हिटफील्डनं मान डोलावली. काका ताटातून डोळे वर काढत नव्हते. एवढ्यात केयानं त्यांना विचारलं, "आर यू कमिंग मंडे? फॉर माय मफिन?" आणि त्यांच्या तोंडावर त्या दुपारचं पहिलं हसू आलं. "हो बाळा, येतो," ते म्हणाले.

मी फोटो काढला. मंडळाच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'केयाच्या हातचं जेवताना आपले तिन्ही ट्रस्टी. ब्रिज वाचणार!' धडाधड हार्ट आले. कुणीतरी तो पुढं पाठवला. कुणी ते मला शोधायचंही नाही. टाकला मीच.

सोमवारी काका आले नाहीत. केयानं त्यांचा मफिन बाजूला काढून ठेवला होता.

त्या आठवड्यातल्या बोर्डाच्या बैठकीला मी तिला घेऊन गेले. तो फोटो बोर्डाच्या वकिलांपर्यंत पोचला होता. त्यांनी वाचून दाखवलं: तीन ट्रस्टींनी जाहीर सभेबाहेर या विषयावर चर्चा केली, सबब त्यांना या ठरावावर मत देता येणार नाही. उरलेल्या दोघांनी कोरम होत नाही. विषय वगळण्यात येत आहे. मे संपायच्या आधी दुसरी बैठक नाही.

सबंध प्रोग्राम एवढ्यात संपला.

मग लोकांना बोलायची वेळ आली. प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि बोर्डानं त्यावर काहीही उत्तर द्यायचं नाही, हा नियम. मी केयाचा हात धरून माईकपाशी गेले. घरून पाठ केलेलं भाषण एका शब्दानं आठवेना. "माझी चूक आहे," मी इंग्रजीत म्हणाले, "मी त्यांना बोलावलं, मी ओढून बसवलं. मला काय ती शिक्षा करा. तिला नको, प्लीज, तिला नको." पुढं रडूच फुटलं. बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी थँक्यू म्हटलं.

तेवढ्यात केया माईककडे वाकली.

"हॅलो, काका. यू डिडन्ट कम मंडे. आर यू कमिंग नेक्स्ट मंडे?"

उल्हासकाकांनी तोंड उघडलं. शेजारी बसलेल्या वकिलांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. काकांनी तोंड मिटलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

केया त्यांच्याकडे बघत थांबली. तीन मिनिटं संपल्याचा समोरचा लाल दिवा लागला. अध्यक्षबाईंनी पुढचं नाव पुकारलं.

"चल बाळा," मी म्हटलं.

"मॉम, वेट. ही डिडन्ट आन्सर येट."

मागे रांगेत माणसं उभी होती. मी तिला दोन्ही हातांनी ओढत होते, आणि ती माईकचा दांडा सोडत नव्हती.